सूर्यशक्तीवरील विमान : एक हिशेब

९ मार्च २०१५ रोजी अबुधाबीहून निघालेले 'सोलर इम्पल्स २' हे विमान इंधनाचा थेंबही न जाळता, टप्प्याटप्प्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २६ जुलै २०१६ रोजी तेथेच परतले. वाटेत ते अहमदाबाद व वाराणसी येथेही उतरले होते. ही हकिकत वर्गात सांगितली की प्रश्न ठरलेला असतो : मग मुंबई-दिल्लीची विमाने अशी का उडत नाहीत? आम्ही इतिहासाचे शिक्षक; परंतु याचे उत्तर शालेय गणितातच मिळते.

प्रथम मोटर बसविलेले ग्लायडर घेऊ. वैमानिकासह वजन ४०० किलो धरू. मोटर बंद असता ते दर सेकंदास साधारण ६० सेंटिमीटर खाली येते. त्यास त्याच उंचीवर राखावयाचे, तर तेवढेच सतत उचलत राहावे लागणार. ४०० × ९.८ × ०.६, म्हणजे सुमारे २,३५० वॅट. मोटर व पंखा यांत चौथा हिस्सा वाया जातो असे धरल्यास गरज ३,१०० वॅटवर जाते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट शक्ती पडते. सौरघट तिचा पाचवा भाग विजेत बदलतात. अकरा चौरस मीटरचे पंख पूर्ण मढविले तरी हाती येतात २,२०० वॅट. केवळ उंची टिकविण्यासही नऊशे कमी! सेकंदास दोन मीटर चढावयाचे, तर आणखी ७,८०० वॅट हवेत, तूट वेगळीच. म्हणून चढाई बॅटरी करते, ऊन हातभार लावते. प्रवासी विमानाच्या सव्वाशे चौरस मीटर पंखांवर जेमतेम २५ किलोवॅट मिळतील. त्याची गरज हजारो किलोवॅटची आहे.

ऊन वाढविता येत नाही. गरज मात्र घटविता येते. 'सोलर इम्पल्स २'च्या पंखांचा पसारा ७२ मीटर, त्यावर व पाठीवर १७,२४८ सौरघट, आणि वजन अवघे २,३०० किलो. त्यातही ६३३ किलो बॅटऱ्यांचेच.

खरी कसोटी रात्रीची. नागोया ते हवाई हे अंतर आंद्रे बोर्शबर्ग यांनी एकट्याने ११७ तास ५२ मिनिटांत कापले. खाली पॅसिफिक, उतरावयास जागा नाही. उजाडेपर्यंत वीज पुरली नाही तर समुद्रच. येथे एक युक्ती आम्हांस फार आवडते. दिवसा विमान सुमारे ८,५०० मीटरपर्यंत चढे व सूर्यास्तानंतर हळूहळू १,५०० मीटरपर्यंत घसरत येई. या सात हजार मीटर उंचीत वीजबिलाच्या भाषेत सुमारे ४४ युनिटे साठलेली असत. बॅटऱ्यांची क्षमता दीडशे युनिटांच्या आसपास, हे पाहता ही साठवण लहान नव्हे, आणि तिला वेगळे वजन नाही.

मात्र त्याच उड्डाणात, पहिल्या दिवशीच्या चढाईत, बॅटऱ्या प्रमाणाबाहेर तापल्या. दुरुस्ती होईतो दिवस लहान झाले होते. पुढील लांब रात्रींना पुरेल एवढे ऊन मिळेना. विमान २१ एप्रिल २०१६ पर्यंत हवाई बेटांवरच थांबले.