बिनव्याजी हप्त्यांचा हिशेब

महिन्याचा चौथा शनिवार. बँकेला सुट्टी असल्याने विजेचे देयक भ्रमणध्वनीवरून भरून आणि भाजी-किराणा आटोपून एक नोकरदार दांपत्य दूरचित्रवाणी संच पाहण्यास दुकानात गेले. विक्रेत्याने ३६,००० रुपये किंमत सांगून ३,००० रुपयांचे १२ ‘बिनव्याजी’ मासिक हप्ते सुचविले. पत्नीने रोखीची किंमत विचारली. ती निघाली ३३,००० रुपये!

रविवारी दोघे हिशेबाला बसले. फरकाचे ३,००० रुपये म्हणजेच व्याज. वरवर पाहता ते ९ टक्के भासते. परंतु प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल घटत असल्याने प्रत्यक्ष दर वार्षिक १६ टक्क्यांहून अधिक पडतो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट केले होते.

तेच ३,००० रुपये दरमहा बचत खात्यात ठेवल्यास ११ महिन्यांत ३३,००० जमतात. शिवाय थोडे व्याजही मिळते. दांपत्याने खरेदी पुढे ढकलली आणि सायंकाळी जुन्याच संचावर चित्रपटाचा आनंद घेतला.

हप्ता स्वीकारण्यापूर्वी ग्राहकाने रोखीची किंमत अवश्य विचारावी.