पोचा काढताना रंग जपावा

यवतमाळ

चि. बाळास,


तुझ्या गाडीच्या मागच्या दाराला पोचा पडला आहे. नागपूरहून सामान घेऊन घरी येणाऱ्या कारागिराला वणीत बोलवावे, की गाडी सरळ डेंटिंग-पेंटिंगला टाकावी, असे तू विचारले आहेस. कोणाला बोलवायचे ते मागाहून ठरव. आधी पोच्यावरचा रंग शाबूत आहे की तडकला आहे, ते बघ. गाडी सावलीत उभी कर, दार धुऊन कोरडे कर, टॉर्चचा उजेड तिरपा पाड आणि पोच्याच्या कडेने हलकेच नख फिरव. केसासारखी रेघ दिसली किंवा नख अडले, तर रंग फुटला आहे असे समज. पुढचे सगळे निर्णय या एका तपासणीवर अवलंबून आहेत.

रंगाला मी एवढे महत्त्व का देतो, ते समजून घे. गाडीच्या बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. कारखान्यात तो आधी रसायनांनी धुतला जातो, मग सबंध सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर थर चढवतात. त्यामुळे हा थर हात पोहोचणार नाही अशा सांध्यांतही जातो. त्यावर सरफेसर, रंग आणि शेवटी चकाकीचा क्लिअर कोट येतो. हे सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरते. खालचे थर दीडशे अंशांच्या जवळपास भाजले जातात. तयार गाडीत प्लॅस्टिक, वायरी, काचा आणि गाद्या असल्यामुळे गॅरेजला तेवढी उष्णता देता येत नाही. तिथल्या पेंट बूथमध्ये साठ-सत्तर अंशांवर रंग सुकवतात. म्हणून कितीही चांगल्या गॅरेजात गेलास, तरी कारखान्याचा मूळ रंग पुन्हा जसाच्या तसा मिळत नाही. जो परत मिळणार नाही, तो शाबूत असताना घासून काढणे हे नुकसानच आहे.

गावातल्या नेहमीच्या पद्धतीत नेमके तेच होते. डेंटर पत्रा ठोकून किंवा ओढून साधारण सरळ करतो, उरलेला खड्डा पुट्टीने भरतो, घासतो आणि वर रंग मारतो. त्यासाठी पोच्याच्या आजूबाजूचा चांगला रंगही घासला जातो आणि रंगाची छटा जुळावी म्हणून बहुतेक वेळा पूर्ण दार रंगवावे लागते. रंग फुटलेला असेल तर याला इलाज नाही, कारण उघडा पत्रा पावसाळ्यात गंजणारच. रंग शाबूत असेल तर मात्र बिनरंगाची पद्धत आहे. तीत काच आणि दाराच्या फटीतून लांब सळई आत घालून पत्रा पाठीमागून थोडा थोडा दाबतात, किंवा बाहेरून गोंदाने चकती चिकटवून ओढतात. समोर उजेडाच्या रेघांचा फलक ठेवलेला असतो. त्या रेघांचे पत्र्यावरचे प्रतिबिंब सरळ होत जाते, तसे काम कुठवर आले ते कारागिराला कळते. यात ना पुट्टी, ना रंग, ना भट्टी. लागते ते सामान एका छोट्या गाडीत मावते. म्हणूनच हे काम घरी येऊन चोख होऊ शकते.

पोचा मोठा असला म्हणजे तो निघणारच नाही, असे समजू नकोस. तळहाताएवढा पण उथळ, गोलसर पोचा सहज निघतो. बोटभर लांबीची धारदार घडी मात्र अवघड जाते, कारण तिथे पत्रा ताणलेला असतो. दाराच्या दुमडलेल्या कडेवर, खांबाजवळ किंवा दुहेरी पत्र्याच्या जागी सळई पोहोचत नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्याची रीत वेगळी. गारपिटीचे पोचे या पद्धतीसाठी सर्वांत योग्य. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याला गारपिटीने झोडपले होते. तसा प्रसंग आला, तर सगळे छत पुट्टीने भरून घेण्याआधी या पद्धतीची चौकशी करावी.

रंग तडकला असेल, तर घरी काम करून घेऊ नकोस, मग तो कारागीर कितीही स्वस्तात फवारणी करून द्यायला तयार असो. वणीच्या हवेत कोळशाची धूळ आहे, कापसाच्या हंगामात तंतू उडतात, मे महिन्यात पत्रा चटका बसेल इतका तापतो आणि पावसाळ्यात दमट हवेने ताज्या रंगावर पांढरट झाक येते. बंद, गाळलेल्या हवेच्या बूथशिवाय रंग नीट बसत नाही. शिवाय हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. अंगणात मुले खेळत असताना हे काम होता कामा नये. हा आग्रह शेजाऱ्यांसाठी आणि त्या कारागिरासाठीही धर.

तू म्हणशील, विमा आहे, मग गॅरेजात सगळे दार रंगवून घ्यायला काय हरकत? हिशेब करून बघ. पाच वर्षे दावा केला नसेल, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि पुढे दरवर्षी 20, 25, 35, 45 अशी चढत पुन्हा 50 वर जाते. हप्ता तेवढाच राहिला असे धरले, तर या वर्षांत गमावलेली सूट सव्वा वर्षाच्या मूळ हप्त्याएवढी भरते. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात किमान 1000 रुपये पदरचे जातात. सूट शाबूत ठेवणारी जोड-पॉलिसी घेतली असेल, किंवा गारपिटीसारखे मोठे नुकसान असेल, तर दावा जरूर कर. तेव्हा दुरुस्तीला हात लावण्याआधी कंपनीला कळव. एका पोच्यासाठी मात्र दावा सहसा परवडत नाही. आणि तुझा विमा फक्त तृतीय पक्षाचा असेल, तर त्यात या दाराचे काहीच मिळणार नाही.

दुसरी शंका अशी की, फिरता कारागीर निघून गेला आणि काम बिघडले, तर त्याला कुठे शोधायचे? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बिलात आहे. सेवेचे बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. त्याच कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे कारागीर नागपूरचा असला, तरी तू आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागू शकतोस. मुदत दोन वर्षांची आहे आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कामाआधी आणि कामानंतर सारख्याच उजेडात फोटो काढ. बिलावर नाव, पत्ता आणि कामाचे वर्णन लिहून घे. सळई घालण्यासाठी दाराला भोक पाडणार का, हेही आधी विचार. पाडणार म्हणाला, तर नको म्हण, कारण त्या भोकाशी गंज धरतो. काम सावलीत, सकाळच्या वेळी करवून घे. तापलेल्या पत्र्यावर गोंद धरत नाही आणि उन्हात रेघांचे प्रतिबिंब दिसत नाही.

तिसरा मार्गही सांगून ठेवतो, कारण तो तुला कोणी विक्रेता सांगणार नाही. रंग शाबूत असेल आणि दार नीट उघडत-मिटत असेल, तर पोचा तसाच राहू देण्यात धोका नाही. पैशांची ओढाताण असेल, तर खुशाल थांब. पण विकताना गाडी चांगली दिसावी या घाईने स्वस्तात पुट्टी-रंग करून घेऊ नकोस. जुनी गाडी घेणारे व्यापारी रंगाची जाडी यंत्राने मोजतात. जाड थर सापडला की अपघाताचा संशय येतो आणि भाव पडतो.

तेव्हा रंग शाबूत असेल तर घरी येणारा कारागीर बोलाव, किंवा काहीच करू नकोस. रंग फुटला असेल तर बूथ असलेले गॅरेज गाठ आणि पावसाळ्याआधी काम उरकून घे. दोन्ही वेळा बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा