टेबलाखाली वाकून बघा!

मे-जून आला की आपल्या होस्टेलवर दोन गोष्टींचा ताप चढतो. एक ओरल्सचा आणि दुसरा ‘कॉम्प्युटेक्स’चा! तैवानच्या तैपेई शहरात १९८१ साली सुरू झालेलं हे कॉम्प्युटरचं प्रदर्शन. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या तिथल्या घरच्याच, त्यामुळे दुकानात यायच्या आधी नवा माल तिथे मांडलेला दिसतो. आता आपण तैपेईला जाणार कुठून? आपण मेसचा चहा घेऊन रात्रभर व्हिडिओ बघणार आणि सकाळी प्रॅक्टिकलला जांभया देणार.

असंच बघून-बघून आमचा ग्रुप टी.ई.ला चांगलाच तोंडावर आपटला. ते रामायण पुढे सांगतोच. पण आधी एक गाजलेला किस्सा बघू. प्रदर्शनातला ‘प्रिव्ह्यू’ इंजिनिअरच्या नजरेने कसा वाचायचा, याचा इतका चांगला धडा मला दुसरा सापडला नाही.

५ जून २०१८. कॉम्प्युटेक्समध्ये इंटेलचं मुख्य भाषण. स्टेजवर २८ कोरचा एक प्रोसेसर चालवून दाखवला, सगळेच्या सगळे कोर ५ गिगाहर्ट्झवर! ‘सिनेबेंच आर १५’ या चाचणीत गुण पडले ७३३४. वर्ष संपायच्या आत बाजारात आणू, असंही जाहीर झालं. टाळ्या!

टाळ्या थांबल्यावर आपण जरा कागद-पेन्सिल घेऊ. इंटेलचाच २८ कोरचा सर्व्हर प्रोसेसर, झिऑन प्लॅटिनम ८१८०, तेव्हा बाजारात होता. त्याची बेस फ्रिक्वेन्सी २.५ गिगाहर्ट्झ आणि टीडीपी २०५ वॅट. सीमॉस सर्किटची डायनॅमिक पॉवर फ्रिक्वेन्सीच्या सम प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण सगळ्यांनी पाठ करून पेपरात लिहिलंय (आणि बाहेर आल्यावर विसरलोय). फ्रिक्वेन्सी २.५ वरून ५, म्हणजे दुप्पट. वेग इतका वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागणार. ते १ वरून १.३ झालं असं धरू. हा आकडा माझा आहे, फक्त हिशोबापुरता. १.३ चा वर्ग १.६९. म्हणून २०५ गुणिले २ गुणिले १.६९, म्हणजे जवळजवळ ६९३ वॅट.

घरातली इस्त्री साधारण ७५० वॅटची असते. इस्त्रीचा पत्रा तळहातापेक्षा मोठा, इथे तेवढीच उष्णता काड्यापेटीपेक्षाही लहान सिलिकॉनमधून बाहेर काढायची आहे. मग स्टेजवर ती जात कुठे होती?

उत्तर टेबलाखाली होतं! डेमोच्या मशीनला गार पाणी पुरवायला एक हॉर्सपॉवरचा चिलर जोडलेला होता. मत्स्यालयातलं पाणी थंड ठेवायला वापरतात त्या जातीचा. पत्रकारांनी तो शोधून काढला. मग आपण ओव्हरक्लॉकिंग केलं होतं हे इंटेलने मान्य केलं आणि स्टेजवर ते सांगायचं राहून गेलं, असा खुलासा केला.

आता कुणी म्हणेल, ‘वॉटर कूलिंग तर आपल्या रूममेटच्या गेमिंग पीसीलाही आहे, त्यात काय एवढं?’ इथेच गंमत आहे. रूममेटचा रेडिएटर पाण्यातली उष्णता खोलीतल्या हवेला देतो, म्हणून त्याचं पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. चिलर म्हणजे कॉम्प्रेसर असलेला फ्रिज, तो पाणी खोलीपेक्षाही गार करतो. मग नळ्यांवर दव जमतं, आणि दव मदरबोर्डवर ठिबकू नये म्हणून त्यांना फोमचं वेष्टण घालावं लागतं. तेव्हा व्हिडिओत जाड, गुंडाळलेल्या नळ्या दिसल्या की समजायचं, पडद्यामागे फ्रिज आहे! मेकॅनिकलच्या मित्रांनी हे एका नजरेत ओळखलं असतं. आम्ही कॉम्प्युटरवाले मात्र स्कोअरच बघत बसतो.

पुढे काय झालं? दुसऱ्याच दिवशी, ६ जूनला, एएमडीने ३२ कोरचा थ्रेडरिपर दाखवला. ५ गिगाहर्ट्झ वगैरे काही नाही, बेस ३ गिगाहर्ट्झ. तो ऑगस्ट २०१८ मध्ये दुकानात आला, किंमत १७९९ डॉलर, टीडीपी २५० वॅट. इंटेलचा २८ कोरवाला झिऑन डब्ल्यू-३१७५एक्स जानेवारी २०१९ मध्ये आला. बेस ३.१, जास्तीत जास्त ४.३ गिगाहर्ट्झ, टीडीपी २५५ वॅट, किंमत २९९९ डॉलर. तो वाईट प्रोसेसर नव्हता हो! पण स्टेजवर दिसलेला आणि खोक्यातून निघालेला, हे दोन वेगळे प्राणी होते.

अजून एक, त्या चाचणीबद्दल. सिनेबेंचमध्ये एका चित्राचे छोटे-छोटे चौकोन करून प्रत्येक थ्रेडला एकेक वाटून देतात. कुणी कुणाची वाट बघत नाही, त्यामुळे कोर वाढले की गुण जवळजवळ त्याच पटीत वाढतात. आपले प्रोग्राम इतके गुणी कुठे असतात? समजा कामाचा ९० टक्के भाग समांतर चालतो आणि १० टक्के एकामागून एक. अमडालच्या नियमात आकडे घाला: १ भागिले (०.१ अधिक ०.९/२८). उत्तर येतं ७.६ च्या आसपास. कोर २८, वेग साडेसात पट! म्हणून डेमोत कोणता प्रोग्राम चालवला, हे आधी विचारायचं.

प्रत्येक वेळी घोळ वेगाचाच असतो असं नाही. २००७ च्या कॉम्प्युटेक्समध्ये असुसने ‘ई-पीसी’ दाखवला तेव्हा १९९ डॉलरचा लॅपटॉप म्हणून त्याचा बोलबाला झाला. अमेरिकेत ४ जीबीचं मॉडेल विकायला आलं ते ३९९ ला. तरीही त्या सात इंची पोराने ‘नेटबुक’ नावाचा अख्खा बाजार उभा केला, हेही खरं. आणि सप्टेंबर २००९ मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी स्वतःच्या परिषदेत हातात धरून दाखवलेलं ‘फर्मी’ कार्ड तर निव्वळ मॉडेल निघालं. लोकांनी ते त्याच्यावरच्या लाकडाच्या स्क्रूवरून ओळखलं! खरं कार्ड मार्च २०१० मध्ये आलं, तेही जाहीर केलेल्या ५१२ ऐवजी ४८० कोर घेऊन.

असो. आता आमचं रामायण.

जून २०२४ मध्ये एका प्रदर्शनाच्या व्हिडिओत आम्ही एक छोटा एआय बोर्ड पाहिला. कॅमेऱ्यातलं चित्र सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने ओळखत होता. ‘याच तिमाहीत उपलब्ध’ अशी पाटी. आमच्या ग्रुपमधल्या एकाची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. फळावरचा तेल्या वेळेत ओळखणारा कॅमेरा, असा मिनी प्रोजेक्ट ठरला. चौघांनी सहा-सहा हजार काढले, त्यातले दोघांचे मेसचे होते. लॅबमध्ये जुना बोर्ड पडलेला होता, त्याच्यावर सुरुवात करा, असं सर म्हणाले होते. आम्ही ऐकलं नाही.

बोर्ड आला फेब्रुवारीत. तोवर मृग बहाराची फळं उतरून गेली होती. मित्राचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पावसाळाभर फोन करून विचारत होते, “काय रे पोरांनो, आलं का तुमचं यंत्र?” शेवटी त्यांनी नेहमीसारखी अंदाजानेच फवारणी केली. बरीचशी बाग तेल्याने गेलीच. आमच्या यंत्राने ती वाचली असती असं मी म्हणणार नाही, पण फोटो तरी जमा झाले असते.

बरं, आला तो बोर्ड पत्र्याच्या डब्यात घालून बागेत उन्हात ठेवला, तर दहा मिनिटांत तापून सेकंदाला सात-आठ फ्रेमवर आला. त्या रात्री तोच जुना व्हिडिओ पुन्हा लावला. बोर्डच्या मागे, टेबलाच्या कडेला, मुठीएवढा पंखा फिरताना स्पष्ट दिसत होता. जूनपासून निदान वीस वेळा आम्ही तो व्हिडिओ बघितला असेल.

ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, “हा बोर्ड का निवडला?” मी खरं ते सांगितलं. ते हसले, पण मार्क तेवढेच दिले जेवढे द्यायचे होते.

यंदा बी.ई.ला आम्ही पुन्हा तोच विषय घेतलाय, लॅबमधल्या जुन्या बोर्डवर. सेकंदाला पाच फ्रेम मिळतात, डाळिंब काही पळून जात नाही. मृग बहारात अण्णांच्या बागेतले साडेचारशे फोटो काढून झालेत. तो नवा बोर्ड लॅबच्या कपाटात आहे. कुणाला हवा असेल तर सरांना विचारून घेऊन जा, पंखा मात्र ज्याचा त्याने आणावा.