गरम कुंडे आणि मातीचा लेप

सुट्टीत वज्रेश्वरीला गेलेले नायगावकर जवळच्या अकलोलीच्या गरम कुंडांत उतरतातच. गरम स्नानाचा शौक प्राचीन रोमन लोकांनाही होता. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात. पण रक्तदाबही उतरतो. म्हणून दहा मिनिटांत, आधार घेऊन सावकाश बाहेर यावे. मातीच्या लेपाने गारवा मिळतो. शरीरातील ‘विष’ मात्र माती ओढून घेत नाही. उघड्या जखमेवर माती लावल्यास धनुर्वाताचा धोका असतो.

मधुमेहींनी विशेष जपावे. पायाच्या नसा बधिर झाल्या असतील, तर चटका कळतच नाही. घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतो, तो चिघळतो आणि प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाते. पाणी आपल्या पायाने अजमावू नये. सोबतच्या निरोगी माणसाने कोपर बुडवून पाहावे. गर्भवती व हृदयरोग्यांनी कुंडाचे दर्शन काठावरूनच घ्यावे!