मेंदूतील वादळ कानांनी ओळखताना

हृदय आणि फुप्फुसे यांचे विकार ऐकून ओळखण्याची कला वैद्यकशास्त्रास दोनशे वर्षांपासून अवगत आहे. फ्रान्समधील डॉक्टर रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधून काढला आणि पुढे ती नळी खेड्यातील दवाखान्यापर्यंत पोहोचली. मेंदू मात्र डॉक्टरांच्या कानास मूकच राहिला. त्याचे कार्य जाणून घेण्यासाठी कागदावरील वेड्यावाकड्या रेषा वाचाव्या लागतात आणि त्या वाचणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर क्वचितच आढळतात. मेंदूतील लहरींचे ध्वनीत रूपांतर करून ही अडचण दूर करण्याचा एक प्रयत्न अलीकडच्या काळात झाला आहे. नांदेड व लातूर यांसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने तो समजून घेण्यासारखा आहे.

झटका आणि मूक झटका

मेंदूतील पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. काही कारणाने असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात विद्युत उत्सर्जन करू लागल्या म्हणजे झटका येतो. असे झटके वारंवार येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. आपल्याकडे त्यास फेफरे, मिरगी, आकडी किंवा फिट असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

झटका म्हटला की हातपाय ताठ होणे, तोंडाला फेस येणे हेच चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु प्रत्येक झटका असा दिसत नाही. अपघातात डोक्यास मार लागलेला किंवा मेंदूज्वराने बेशुद्ध झालेला रुग्ण खाटेवर शांत पडलेला असतो आणि त्याच्या मेंदूत मात्र झटका चालूच असतो. हा मूक झटका डोळ्यांना दिसत नाही. तो लांबला तर मेंदूस इजा होऊ शकते. तो ओळखण्याचे खात्रीचे साधन एकच, ते म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, अर्थात ई.ई.जी.

आलेखापासून ध्वनीपर्यंत

जर्मनीतील जेना येथील डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या लहरी प्रथम नोंदविल्या आणि १९२९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. पुढे १९३४ मध्ये केंब्रिज येथे एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी या लहरी ध्वनिक्षेपकावर ऐकण्याचा प्रयोग केला. म्हणजे मेंदू ऐकण्याची कल्पना ई.ई.जी.इतकीच जुनी म्हणावी लागेल. तथापि व्यवहारात रेषाच रूढ झाल्या.

ही कल्पना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पुन्हा जागी झाली. तेथील मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ पार्वीझी यांनी अवकाशयानांनी टिपलेल्या संकेतांवर आधारलेला एक संगीताचा कार्यक्रम ऐकला. अंतराळातील लहरींचे संगीत होऊ शकते, तर मेंदूतील लहरींचे का होऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. त्याच विद्यापीठातील संगीताचे प्राध्यापक ख्रिस चेफ यांचे सहकार्य त्यांना लाभले.

यातील तांत्रिक प्रश्न सोपा नव्हता. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. मेंदूच्या पुष्कळशा लहरी याहून संथ असतात. काहींचा वेग तर सेकंदाला चार-पाच आवर्तनांहूनही कमी असतो. त्यामुळे त्या जशाच्या तशा ऐकविणे शक्य नव्हते. म्हणून मानवी स्वरासारखा एक ध्वनी घेऊन मेंदूच्या लहरींनुसार त्याचा चढउतार घडविण्यात आला. निरोगी मेंदूचा ध्वनी अनियमित गुणगुणण्यासारखा भासतो. झटका सुरू झाला की त्यात ठेका येतो, स्वर थरथरतो आणि तीव्र होत जातो.

मराठवाड्यातील हरिनाम सप्ताहात बसणाऱ्या श्रोत्यास मृदंगाचे बोल लिहून वाचता येत नसतील. पण लय चढली की त्याच्या ते तत्काळ ध्यानी येते. ताल आणि त्यातील बदल ओळखण्याची शक्ती कानास उपजतच असते. या पद्धतीचे सारे मर्म त्यात आहे.

कसोटी आणि मर्यादा

ही पद्धत कितपत विश्वसनीय आहे, याची परीक्षा घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘एपिलेप्सिया’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ई.ई.जी. वाचनाचे प्रशिक्षण नसलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना व परिचारिकांना ध्वनीचे नमुने ऐकविण्यात आले. त्यांनी ९० टक्क्यांहून अधिक झटके अचूक ओळखले. आलेख पाहून विद्यार्थ्यांना जे साधले, त्याहून ऐकून अधिक साधले.

मात्र झटका नसलेल्या इतर काही विकृत लहरीही कानास झटक्यासारख्या वाटू शकतात. म्हणून ध्वनी ही पहिली चाळणी समजावी. अंतिम निदान तज्ज्ञानेच करावयाचे असते. या संशोधनातून डोक्याभोवती पट्टा बांधून काही मिनिटांत वापरता येणारे उपकरण तयार झाले. पुढे त्यास संगणकीय पृथक्करणाची जोडही देण्यात आली.

आपल्या भागासाठी बोध

नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून नांदेडला किंवा देवणी-जळकोटकडून लातूरला रुग्ण आणताना वाटेतच बराच वेळ जातो. पाच मिनिटांहून अधिक काळ चालणारा झटका ही तातडीची वैद्यकीय अवस्था मानली जाते. हे पाहता, रुग्णाजवळ असलेल्या परिचारिकेस किंवा तरुण डॉक्टरास मूक झटक्याची शंका वेळीच घेता येणे किती मोलाचे आहे, हे सांगावयास नको.

उपकरण गावापर्यंत येण्यास अवधी लागेल. परंतु जवळच्या माणसाने सावध राहून ओळखावे, हा त्यामागील धडा आजच घेता येण्यासारखा आहे. वर्गात एखादे मूल बोलता-लिहिता मध्येच काही सेकंद शून्यात पाहते, हाकेस ओ देत नाही आणि पुन्हा काही घडलेच नाही अशा रीतीने लिहू लागते. असे दिवसातून अनेकदा घडत असेल, तर त्यास आळशी ठरवून शिक्षा करू नये; तो मूक झटका असू शकतो. शिक्षकांनी वेळ व लक्षणे टिपून पालकांना कळवावीत आणि मुलास डॉक्टरांकडे पाठवावे.

मोठा झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि तोंडात काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविल्याने झटका थांबत नाही. पाच मिनिटे उलटल्यास, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा झटका आल्यास, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चालू असलेले औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये.

पंचायत सदस्यांवर आणखी एक जबाबदारी आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधील विवाहाच्या अटींत पूर्वी अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ मधील दुरुस्तीने तो वगळण्यात आला. कायद्याने पुसलेला हा कलंक गावाच्या मनातूनही पुसला गेला पाहिजे. लोकलज्जेस्तव घरात दडविलेल्या रुग्णाच्या मेंदूचे बोल कोणत्याही यंत्रास ऐकू येणार नाहीत. तो रुग्ण दवाखान्याच्या दारापर्यंत येईल, तेव्हाच या नव्या विद्येचा त्यास उपयोग होईल.