पूर्णवेळ की अर्धवेळ? मुलीचं करिअर ठरवण्याआधी मांडायचा हिशोब

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की समुपदेशकाकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. मुलगा असेल तर, "सध्या स्कोप कशात आहे?" मुलगी असेल तर, "पुढे घर सांभाळून जमेल असं काहीतरी सुचवा." मुलगी असते जेमतेम सतरा-अठरा वर्षांची. लग्न, सासर, मूल यांतलं अजून काहीच समोर नसतं, तरी तिच्या नोकरीचे तास त्या बैठकीतच निम्मे होऊन जातात.

पालकांची काळजी खोटी नाही. लेकीची ओढाताण होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असतं. चुकतो तो क्रम. अर्धवेळ काम वाईट नाही. आयुष्याच्या एखाद्या टप्प्यावर ते फार सोयीचं ठरतं. पण ते आपल्या अटींवर मिळवायचं तर हातात पक्की पात्रता आणि काही वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. करिअरची सुरुवातच 'सोयीच्या' कामाने केली की अटी समोरचा घालतो. बायका पूर्णवेळ किंवा अर्धवेळ काम कशावरून निवडतात, ते नीट समजून घेतलं तर हा क्रम का महत्त्वाचा, हेही कळेल.

हिशोब घरापासून सुरू होतो

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकामात हात घालणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचलली असं झालं नाही. त्यांचीही नऊ मिनिटं कमी झाली.

आता ही २८९ मिनिटं एका दिवसात बसवून बघा. डोंबिवलीत राहणारी एखादी बाई अंधेरीच्या ऑफिसात जाते. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो, दोन्ही टोकांना रिक्षा किंवा पायपीट. घरापासून टेबलापर्यंत दीड तास धरला तर जाऊन-येऊन तीन तास. ऑफिसचे जेवणाच्या सुट्टीसह नऊ. घरकामाचे जवळपास पाच. झोपेला सात तास दिले की चोवीस पूर्ण. मुलाचा अभ्यास, सासूबाईंची गुडघ्याची शस्त्रक्रिया, स्वतःचा ताप यांना त्यात जागाच नाही. लोकलच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचं कौतुक आपण कित्येक वर्षं वाचत आलो आहोत. भाजी निवडायला लोकलचा डबाच का लागतो, हे वरच्या बेरजेत दिसतं.

या गणितात काहीतरी कमी करावं लागतं तेव्हा बहुतेक घरांत पहिली कात्री बाईच्या नोकरीला लागते. 'तिला करिअरची फारशी हौस नव्हती' असं नंतर म्हटलं जातं. घरात आजी-आजोबा असतील, जवळ भरवशाचं पाळणाघर असेल, नवरा सकाळचा डबा करत असेल, तर तीच बाई पूर्णवेळ नोकरी करताना दिसते. हौस तीच असते, वेळेची बेरीज वेगळी असते.

पूर्णवेळ काम का हवं असतं?

पहिलं कारण उघड आहे, पैसा. शहरात घराचा हप्ता एका पगारात भागत नाही. दुसरं कारण पालक सहसा बोलून दाखवत नाहीत. आता अनेक घरांत एक किंवा दोन मुलीच असतात आणि आईवडिलांच्या म्हातारपणाचा आधार त्याच असतात. कल्याणच्या एका डॉक्टर महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं, की स्वतःचं उत्पन्न असलेल्या विवाहित मुलीवरही, आईवडील स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसतील तर, त्यांना पोसण्याची जबाबदारी आहे. मुलीच्या निम्म्या पगाराची स्वप्नं बघताना हेही ध्यानात असावं.

तिसरं कारण कायद्याच्या सवलतींचं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पण त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि दिवसातून चारदा बाळाकडे जाऊन येण्याची मुभा आहे. केंद्र सरकारी सेवेतल्या महिलांना मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बालसंगोपनासाठी एकूण ७३० दिवसांची रजा मिळू शकते. गंमत बघा, घर सांभाळायला खऱ्या अर्थाने मदत करणाऱ्या या सोयी नियमित, पूर्णवेळ नोकरीत मिळतात. 'घर सांभाळून जमेल' म्हणून जी कामं सुचवली जातात, त्यांत यातलं बहुधा काहीच नसतं.

आणि चौथं कारण सगळ्यात साधं आहे. काम आवडतं. मुलाला हे कारण आपण कधी समजावून सांगायला लावत नाही.

अर्धवेळ म्हणजे नेमकं कोणतं?

अर्धवेळ काम पत्करण्यामागे फक्त बाळ नसतं. मुलाची दहावी, नवऱ्याची बदली, अंथरुणाला खिळलेले सासरे, स्वतःची प्रकृती, पीएचडी, नाटक, घरची शेती किंवा दुकान अशी अनेक कारणं असतात. यांतली बरीचशी समजून-उमजून केलेली निवड असते. अडचण पुढेच येते. पगार, रजा आणि भविष्य निर्वाह निधीसह निम्म्या तासांची नियमित नोकरी आपल्याकडे फारशी मिळत नाही. त्या नावाखाली जे मिळतं त्याचे प्रकार ओळखायला शिका.

एक प्रकार तासिका तत्त्वाचा, म्हणजे सीएचबीचा. एमए-एमएस्सी करून, सेट-नेट होऊन कॉलेजात शिकवायला लागलेल्या कित्येक मुली यात आहेत. पैसे घेतलेल्या तासांचेच. तयारी, पेपर तपासणं यांचा वेळ मोजला जात नाही आणि उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी जाते. सकाळी एका कॉलेजात दोन तासिका, दुपारी शेजारच्या तालुक्यात दोन, मधला एसटीचा प्रवास स्वतःच्या खिशातून. दिवस पूर्ण जातो, मोबदला चार तासांचा.

दुसरा प्रकार मानधनाचा. आशा आणि अंगणवाडी सेविका कागदावर मानसेवी, पण बाळंतपणाची केस आली तर आशाताईंचा फोन रात्री दोनलाही वाजतो. अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीचा गुजरातमधला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने त्यांचं काम अर्धवेळ असल्याचा युक्तिवाद फेटाळला आणि ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. कामाला कोणतं नाव दिलंय, यापेक्षा त्यात किती तास जातात हे बघायचं, ते यासाठी.

तिसरा प्रकार घरून करायच्या कामाचा. शिकवण्या, विमा एजन्सी, शिवण, भाषांतर, वेबसाइटची कामं. यात सगळं अवलंबून असतं ते काम कोणाच्या हातात आहे, यावर. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन 'लिज्जत'चे पापड लाटायला सुरुवात केली. तिथे लाटणाऱ्या बायका संस्थेच्या भागीदार झाल्या, म्हणून घरी बसून केलेल्या कामालाही किंमत आली. ठेकेदाराकडून नगावर काम आणणाऱ्या बाईचे कष्ट तेवढेच, पण भाव ठरवण्यात तिला वाव नसतो.

देशाचे आकडेही याच नजरेने वाचा. कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या, पंधरा वर्षांवरील स्त्रियांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. वाढ मोठी आहे. पण २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ६७.४ टक्के स्वयंरोजगारात होत्या. भरपगारी रजा आणि पेन्शनची नोकरी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

तास निम्मे, पगार निम्म्याहून कमी

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या कामाचा दोनशे वर्षांचा इतिहास धुंडाळला. त्यांचा एक निष्कर्ष आपल्या विद्यार्थिनींच्या थेट कामाचा आहे. काही व्यवसायांत माणूस अष्टौप्रहर हाताशी लागतो; तिथे दुप्पट तास दिले की पगार दुपटीहून जास्त वाढतो आणि तास कमी केले की तो निम्म्याच्याही खाली घसरतो. मोठ्या वकिली फर्म आणि वित्तक्षेत्र ही त्याची उदाहरणं.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या फार्मसिस्टचं. पूर्वी तिथे बहुतेक औषधांची दुकानं स्वतंत्र मालकांची होती आणि मालक दिवसभर दुकानात. पुढे मोठ्या साखळ्या आल्या, औषधं तयार स्वरूपात येऊ लागली, रुग्णाची नोंद कॉम्प्युटरवर आली. एका फार्मसिस्टच्या जागी दुसरी उभी राहिली तरी गिऱ्हाइकाचं अडेना. परिणामी कमी तास काम करणारीला तासाचा दर जवळजवळ तेवढाच मिळू लागला. म्हणजे दोष बाईच्या निष्ठेचा नव्हता, कामाच्या रचनेचा होता. ती बदलल्यावर पगारातला फरकही आटला.

कायद्यानेही फरक पडतो. नेदरलँड्समध्ये निम्म्याहून जास्त नोकरदार स्त्रिया अर्धवेळ काम करतात. कमी तासांच्या कर्मचाऱ्याशी भेदभाव करायला तिथला कायदा मनाई करतो, आणि २००० पासून तास कमी करून मागण्याचा हक्कही आहे. आपल्याकडे अशी हमी नसल्यामुळे शाखा निवडतानाच डोळे उघडे ठेवायला हवेत.

शाखा निवडताना विचारायचे पाच प्रश्न

१. माझ्या जागी दुसरं कोणी उभं राहू शकतं का? रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, फार्मसी, पाळीवर चालणारं नर्सिंग यांत एकीची पाळी दुसरीला देता येते. स्वतःचं प्रसूतिगृह किंवा कोर्टातली वकिली यांत पेशंट आणि पक्षकार तुम्हालाच शोधत येतात.

२. पैसे कशाचे मिळतात? केलेल्या कामाचे की खुर्चीत बसून राहण्याचे? सीए, फिजिओथेरपी, भाषांतर, सॉफ्टवेअर यांत कामावर दर ठरवता येतो.

३. थांबले तर परत येता येईल का? महाराष्ट्रात डॉक्टरांना मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. अशा तारखा ब्रेकमध्येही चुकवू नयेत. खंड पडलेल्या स्त्रियांसाठी टाटा समूहाने २००८ मध्ये 'सेकंड करिअर' इंटर्नशिप सुरू केली. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञांसाठीची योजना त्याआधीची आहे. आपल्या क्षेत्रात असं दार कुठे आहे, ते आधीच माहीत असावं.

४. गाव बदललं तर काम बरोबर येईल का? हिशेबनीस, नर्स, शिक्षिका यांची गरज सगळीकडे असते. काही कौशल्यं दोन-तीन शहरांपुरतीच चालतात.

५. रजा, भविष्य निर्वाह निधी, पाळणाघर आहे का? नेमणुकीच्या पत्रात 'मानधन', 'तासिका', 'कंत्राटी' यांपैकी काय लिहिलंय, ते सही करण्याआधी वाचा.

हे प्रश्न मुलीला एखाद्या शाखेपासून रोखण्यासाठी वापरू नका. तिला सर्जन व्हायचं असेल तर तिने सर्जनच व्हावं. फक्त पुढे कोणती मदत लागेल, याची कल्पना तिला आणि घरच्यांना असावी.

पालकांसाठी चार सूचना

पहिली पाच-सात वर्षं तिला पूर्णवेळ काम करू द्या. या काळात नाव होतं, ओळखी होतात, वरिष्ठांचा विश्वास बसतो. नंतर ती 'आठवड्यातून तीनच दिवस येईन' म्हणाली तर ऐकून घेतलं जातं. पहिल्या वर्षी म्हणाली तर दुसरीला बोलावलं जातं.

अडचण आली की लगेच राजीनामा नको. आधी बदली, बिनपगारी रजा, घरून काम हे मागून बघावं. प्रसूतीच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद कायद्यातच आहे. घर बदलता आलं तर पाळणाघराच्या किंवा स्टेशनच्या जवळ घ्या. रोजचा वाचलेला दीड तास नोकरी वाचवतो.

तिच्या नावाची बचत काम बंद असतानाही चालू राहू द्या. पीपीएफ खातं वर्षाला ५०० रुपयांतही जिवंत राहतं.

लग्नाच्या बोलणीत 'मुलगी नोकरी करणारी हवी' असं समोरून आलं, तर सकाळचा डबा कोण करणार आणि मूल आजारी पडलं तर रजा कोण घेणार, हे तिथेच विचारा. उत्तर देताना मुलगा आईकडे बघायला लागला तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

आणि मुलाच्या पालकांनो, तुम्हीही समुपदेशकाला विचारा, "घर सांभाळून जमेल असं याला काय सुचवाल?" प्रश्न विचित्र वाटेल, पण त्या ८८ मिनिटांचा आकडा वाढवायचा तर सुरुवात तुमच्याच घरातून होणार आहे. अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरणाऱ्या मुलाला कुकर लावता येत असेल, तर पुढे त्याच्या बायकोला पूर्णवेळ की अर्धवेळ हे स्वतःच्या मनाने ठरवता येईल.