एका श्वासाचं एक वाक्य



गेल्या पावसाळ्यापासून आपल्या इंदूरच्या गटातले आम्ही चौघं जपानी बासरी शिकतोय. तिचं नाव शाकुहाची. "आपली बासरी सोडून ही कुठली?" असं घरोघरी विचारून झालंय, म्हणून आजचा अभ्यास तिच्याबद्दल.

ही बांबूच्या मुळाकडच्या जाड भागाची, उभी धरून वरच्या टोकाच्या कडेवर फुंकायची बासरी. लांबी एक शाकू आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. नावही त्यावरूनच पडलं. भोकं पाचच: पुढे चार, मागे अंगठ्यासाठी एक. एदो काळात फुके पंथाचे कोमुसो साधू टोपलीसारखी टोपी घालून, चेहरा झाकून ती वाजवत भिक्षा मागत. त्यांच्या दृष्टीने हे 'सुइझेन', म्हणजे फुंकण्यातून ध्यान. १८७१ साली सरकारने पंथ बंद केला, बासरी मात्र टिकली. अठराव्या शतकात कुरोसावा किंको यांनी जमवलेल्या ३६ रचना आजही शिकवतात.

रचना पाठ होतात हो, पण मनाने वाजवायचं म्हटलं की घाम फुटतो. दिवाळीत घरच्यांसमोर आमच्यापैकी एकाने प्रयत्न केला. पाठ केलेले तुकडे एकाला एक जोडत गेला, शेवटी दम लागला. आजी म्हणाल्या, "छान रे, पण थांबलास कुठं?" त्याला इतकं लागलं की बासरी कपाटात गेली. मग आम्ही चौघांनी मिळून पहिल्यापासून सुरुवात केली, ती अशी:

*१. रोज दहा मिनिटं फक्त 'रो'.* सगळी भोकं बंद केल्यावर येणारा खालचा स्वर. यात सजावट काही नाही, नुसता लांब श्वास. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबायचं.

*२. आधी दोनच स्वर.* मूळचे पाच स्वर म्हणजे रो, त्सु, रे, ची, री. रो हा सा धरला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर! तरी पहिला आठवडा फक्त रो आणि त्सु. पर्याय कमी असले की मन पळत नाही, कान उघडतात.

*३. एक श्वास, एक वाक्य.* साधूंच्या जुन्या रचनांत ठरावीक ताल मोजत नाहीत, श्वास संपला की वाक्य संपलं. पुढचा श्वास सावकाश घ्यायचा. मधल्या रिकाम्या जागेला जपानीत 'मा' म्हणतात. आजींनी नेमकं हेच विचारलं होतं.

*४. मग मान.* हनुवटी खाली नेली की स्वर उतरतो, ते 'मेरी'. वर नेली की चढतो, ते 'कारी'. आपल्या मींडेसारखं एकाच स्वरात किती काही सांगता येतं!

*५. शेवटी सवाल-जवाब.* एकाने एक वाक्य वाजवायचं. दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या स्वरापासून उत्तर द्यायचं. त्यासाठी समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकावंच लागतं. १९६४ साली टोकियोत अमेरिकन क्लॅरिनेटवादक टोनी स्कॉट यांनी शाकुहाचीवादक होझान यामामोतो यांच्याबरोबर असंच उत्स्फूर्त वादन ध्वनिमुद्रित केलं. जमलं तर जरूर ऐका.

कपाटातली बासरी बाहेर आली. मागच्या रविवारी त्याने आजींसमोर दोनच स्वर वाजवले, चार श्वास. आजी काही बोलल्या नाहीत, डोळे मिटून बसल्या. आम्हाला तेवढं पुरलं.

*या आठवड्याचा अभ्यास:* बासरी नसली तरी चालेल. संध्याकाळी घरातल्या दोघांनी समोरासमोर बसून पाच मिनिटं सा आणि कोमल ग एवढंच गुणगुणायचं. एकाचा श्वास पूर्ण संपू द्यायचा, मग दुसऱ्याने सुरू करायचं. कोण मधेच तोडतं, ते हसत हसत बघा. आम्हीच जास्त तोडत होतो!

अनुभव गटात जरूर कळवा. 🙏